‘अर्ली डिसिजन’चा निकाल: सहा आठवड्यांची प्रतीक्षा आणि तिची किंमत

अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाचे पहिले निकाल दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास जाहीर होतात. नोव्हेंबरच्या आरंभी अर्ज केलेले विद्यार्थी सुमारे सहा आठवडे या निकालाकडे डोळे लावून बसलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक विद्यापीठे निकाल सायंकाळी खुले करतात. डिसेंबरमध्ये तेथे सायंकाळचे ७ वाजतात, तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्यामुळे पुणे, मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा शहरांतील काही विद्यार्थ्यांना आपल्या पुढील चार वर्षांचा निर्णय सूर्योदयापूर्वीच कळतो.

हा निकाल इतर परीक्षांच्या निकालांसारखा नसतो. ‘अर्ली डिसिजन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत विद्यार्थी अर्ज करतानाच एक वचन देतो. या विद्यापीठाने प्रवेश दिला, तर आपण तेथेच जाऊ आणि अन्य सर्व ठिकाणचे अर्ज मागे घेऊ, असे ते वचन असते. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या घेतल्या जातात. अशा बंधनाचा अर्ज एका वेळी एकाच विद्यापीठाकडे करता येतो. प्रतीक्षेच्या या काळात विद्यार्थ्याच्या हाती निवडीचा अधिकार जवळजवळ उरलेला नसतो. तो त्याने अर्जासोबतच विद्यापीठाच्या स्वाधीन केलेला असतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला लवकर निर्णय व प्रवेशाची थोडी अधिक आशा मिळते. हा व्यवहार कोणाला परवडतो, यावरून अमेरिकेत गेली २५ वर्षे वाद सुरू आहे.

मराठी वाचकांना ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. महाराष्ट्रातील अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. आयआयटी आणि एनआयटीच्या संयुक्त समुपदेशनात मिळालेली जागा ‘फ्रीझ’ करायची की ‘फ्लोट’ ठेवायची, याचा निर्णय हजारो घरांत दरवर्षी होतो. फरक दोन बाबतींत आहे. आपल्याकडे विद्यार्थ्याला आपले गुण किंवा गुणानुक्रम ठाऊक असतो आणि मागील वर्षीच्या ‘कट-ऑफ’वरून अंदाज बांधता येतो. शिवाय जागा मिळण्यापूर्वी तिचे शुल्क किती, हेही माहीत असते. अमेरिकेतील विद्यार्थ्याला यांपैकी पहिली गोष्ट मुळीच ठाऊक नसते आणि दुसरी अनेकदा अर्धवटच ठाऊक असते.

<b>एकाच काळातील अनेक पद्धती</b>

नोव्हेंबरमध्ये केलेला प्रत्येक अर्ज बंधनकारक असतो असे नाही. या बाबतीत पालकांचा बराच गोंधळ होतो. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक आदी विद्यापीठांत तसेच विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर यांसारख्या लहान महाविद्यालयांत ‘अर्ली डिसिजन’ आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड येथील लवकरचा अर्ज मात्र ‘अर्ली ॲक्शन’ या प्रकारातला असतो. त्यात निकाल डिसेंबरमध्येच लागतो, पण प्रवेश मिळाला तरी विद्यार्थ्याला १ मेपर्यंत विचार करण्याची मुभा असते. या चार विद्यापीठांची अट एवढीच, की त्याच वेळी अन्य खासगी विद्यापीठांत असा लवकरचा अर्ज करू नये. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेची म्हणजे ‘एमआयटी’ची तेवढीही अट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस आदी संकुलांत तर लवकरची फेरीच नाही.

याखेरीज अनेक संस्थांत ‘अर्ली डिसिजन’ची दुसरी फेरी असते. तिचे अर्ज जानेवारीच्या आरंभी घेतले जातात आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यास लागतो. डिसेंबरमध्ये पहिल्या पसंतीच्या ठिकाणी नकार मिळालेला विद्यार्थी आपले वचन मग दुसऱ्या विद्यापीठाला देऊ शकतो. नियमित फेरीचे अर्ज साधारणपणे १ जानेवारीपर्यंत करायचे असतात आणि त्यांचे निकाल मार्चअखेरीस येतात.

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की प्रतीक्षेतील खरी अडचण लक्षात येते. डिसेंबरच्या मध्यास लागणारा निकाल आणि नियमित अर्जांची अंतिम तारीख यांच्यात जेमतेम दोन ते अडीच आठवडे उरतात. त्यातही नाताळची सुटी असते. शाळा बंद असतात, शिफारसपत्रे देणारे शिक्षक गावी गेलेले असतात. अनेक विद्यापीठांना एक सामायिक अर्ज चालत असला, तरी बहुतेक नामांकित संस्था आपापले स्वतंत्र प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे निबंधरूपात मागतात. आठ-दहा ठिकाणी अर्ज करायचा, तर वीसहून अधिक लहान-मोठे निबंध सहज होतात. म्हणून शाळांचे समुपदेशक विद्यार्थ्यांना निकालाची वाट पाहत असतानाच उरलेले अर्ज पूर्ण करून ठेवण्यास सांगतात. जे अर्ज कदाचित कधीच पाठवावे लागणार नाहीत, त्यांवर मन लावून काम करणे सतरा वर्षांच्या मुलाला किती जमते, हा वेगळा प्रश्न. जे थांबतात, त्यांची नाताळची सुटी निबंध लिहिण्यात जाते आणि घाईची खूण त्या निबंधांवर उमटल्याशिवाय राहत नाही.

भारतातील विद्यार्थ्यांवर याच सुमारास आणखी एक भार असतो. बारावीच्या सराव परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होतात. अभियांत्रिकीचा पर्याय खुला ठेवणाऱ्यांसाठी जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते आणि केंद्रीय मंडळाच्या लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतात. अमेरिकी विद्यापीठाकडे नववी ते अकरावीचे गुण आणि बारावीचे अपेक्षित गुण गेलेले असतात. प्रवेश मिळाला तरी तो बारावीच्या निकालाच्या अधीन असतो. अपेक्षेपेक्षा निकाल फारच घसरला, तर विद्यापीठ प्रवेश मागे घेऊ शकते.

<b>होकार, नकार आणि मधला मार्ग</b>

निकाल तीन प्रकारचा असतो. पहिला होकार, दुसरा नकार. नकार मिळालेल्या विद्यार्थ्याला त्याच विद्यापीठात त्याच वर्षी नियमित फेरीतून पुन्हा अर्ज करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. तिसरा प्रकार म्हणजे ‘डिफर्ड’. यात अर्ज फेटाळला जात नाही. तो नियमित फेरीत ढकलला जातो आणि मार्चअखेरीस त्याचा पुन्हा विचार होतो. ही प्रतीक्षा यादी नव्हे. प्रतीक्षा यादी नियमित फेरीनंतर लागते आणि तिच्यातील जागा १ मेनंतर, कोणी प्रवेश नाकारला तरच रिकाम्या होतात.

अर्ज पुढे ढकलला गेला, की विद्यार्थ्याचे वचन संपुष्टात येते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पुढे मार्चमध्ये तेथे प्रवेश मिळाला, तरी तो स्वीकारण्याचे बंधन राहत नाही. इतर ठिकाणचे प्रस्ताव त्याच्याशी ताडून पाहता येतात. अशा विद्यार्थ्यांकडून सहामाहीचे गुण मागवले जातात आणि आपली इच्छा कायम असल्याचे छोटेखानी पत्र पाठवण्याची प्रथा आहे. कोणत्या विद्यापीठात किती अर्ज पुढे ढकलायचे, याला एकच नियम नाही. काही संस्था बहुसंख्य अर्जदारांना थेट उत्तर देऊन मोकळ्या होतात, तर काही संस्था नकार देण्याऐवजी मोठ्या संख्येने अर्ज पुढे ढकलतात. दुसऱ्या पद्धतीला सौजन्य म्हणावे की टोलवाटोलवी, याबद्दल समुपदेशकांत एकमत नाही. आशा टिकते हे खरे, पण प्रतीक्षा सहा आठवड्यांवरून पाच महिन्यांवर जाते हेही तितकेच खरे.

पूर्वी निकाल टपालाने येत असे. जाड लिफाफा म्हणजे प्रवेश, कारण त्यात पुढील कागदपत्रे असत. पातळ लिफाफा म्हणजे एका पानाचा नकार. अमेरिकी घरांत टपालपेटी उघडताना हात जड होई, तो यामुळे. आता विद्यार्थी संकेतस्थळावर प्रवेश-नाव आणि परवलीचा शब्द भरतो आणि पत्र पडद्यावर उमटते. होकार असेल, तर काही विद्यापीठे पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षावही करतात. तो वर्षाव दिसला नाही, तर पत्र वाचण्यापूर्वीच उत्तर कळते.

या बदलाने निकाल वेगाने मिळू लागला, पण तो नेहमीच अचूक मिळाला असे नाही. येल विद्यापीठाने २००२ मध्ये निकाल संकेतस्थळावर उपलब्ध केले, तेव्हा प्रिन्स्टनच्या प्रवेश कार्यालयातून काही अर्जदारांच्या जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरून ते पाहिले गेल्याचे त्या वर्षीच्या जुलैत उघडकीस आले. मार्च २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो संकुलाने प्रवेश नाकारलेल्या सुमारे २८,००० अर्जदारांना स्वागताचा ईमेल पाठवला. न्यूयॉर्क राज्यातील वासार महाविद्यालयाच्या ‘अर्ली डिसिजन’च्या दुसऱ्या फेरीत जानेवारी २०१२ मध्ये १२२ विद्यार्थ्यांना संकेतस्थळावर प्रवेश मिळाल्याचे पत्र दिसले. ते चाचणीसाठी तयार केलेले पत्र होते आणि त्यांपैकी ७६ जणांना प्रत्यक्षात प्रवेश मिळालेला नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून असाच आनंदाचा संदेश नकार मिळालेल्या किंवा अर्ज पुढे ढकललेल्या २९४ विद्यार्थ्यांना गेला. या संस्थांनी दिलगिरी व्यक्त केली. मात्र ज्या विद्यार्थ्यांनी त्या दरम्यान नातेवाइकांना दूरध्वनी केले असतील, त्यांना ते पुन्हा करावे लागले असणार.

<b>विद्यापीठांना काय मिळते?</b>

विद्यापीठे हा खटाटोप का करतात, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. समजा, एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत आणि १०,००० अर्ज येतात. प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४० टक्केच प्रत्यक्ष येतात, असा अनुभव असेल, तर जागा भरण्यासाठी २,५०० जणांना प्रवेश द्यावा लागेल. म्हणजे प्रवेशाचे प्रमाण २५ टक्के झाले. आता त्याच महाविद्यालयाने ५०० जागा ‘अर्ली डिसिजन’मधून भरल्या, तर त्यासाठी जवळपास ५०० जणांनाच होकार द्यावा लागतो, कारण ते सारे वचनबद्ध असतात. उरलेल्या ५०० जागांसाठी १,२५० होकार पुरतात. एकूण होकार १,७५० आणि प्रवेशाचे प्रमाण साडेसतरा टक्के. महाविद्यालय तेच, अर्जदारही तेच, पण ते आता अधिक दुर्लभ दिसू लागते.

दुर्लभ दिसण्याला मोल होते, कारण ‘यू. एस. न्यूज’ची क्रमवारी. १९८३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या क्रमवारीत प्रवेशाचे प्रमाण आणि प्रवेश स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण हे दोन्ही निकष एके काळी विचारात घेतले जात. स्वीकाराचे प्रमाण २००३ मध्ये आणि प्रवेशाचे प्रमाण २०१८ मध्ये वगळण्यात आले. तरीही ‘अर्ली डिसिजन’ मागे पडली नाही, कारण क्रमवारी हे एकच कारण नव्हते. डिसेंबरमध्येच निम्मा वर्ग निश्चित झाला, तर वसतिगृहे, अध्यापक आणि विशेषतः शुल्काचे उत्पन्न यांचा अंदाज बांधणे सोपे जाते. आज काही संस्था आपल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक जागा याच मार्गाने भरतात.

विद्यार्थ्याला त्यातून काय लाभ होतो, याचा अभ्यासही झाला आहे. क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांचा ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर अर्ज केल्याने मिळणारा लाभ १,६०० गुणांच्या सॅट परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. लवकरच्या फेरीत प्रवेशाचे प्रमाण नियमित फेरीच्या दुप्पट-तिप्पट दिसते, म्हणून आपलीही शक्यता दुप्पट-तिप्पट होते असे समजणे चुकीचे ठरेल. विद्यापीठाने आधीच हेरलेले खेळाडू आणि अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुले याच फेरीत असतात. ती वगळली, तर उरलेल्यांसाठीचे प्रमाण जाहिरातीतील आकड्याहून बरेच खाली येते. प्रवेश सल्लागार पालकांसमोर आकडे मांडतात, तेव्हा ही बाब बहुधा मागे राहते.

<b>मोडण्याचा प्रयत्न</b>

ही पद्धत १९५० च्या दशकात ईशान्य अमेरिकेत रुजली. मात्र तिच्यावर जाहीर चर्चा झाली ती २००१ मध्ये. त्या वर्षी ‘द अटलांटिक’ मासिकात जेम्स फॅलोज यांनी तिच्यावर दीर्घ टीकालेख लिहिला आणि वर्षअखेरीस येलचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांनी सर्वांनी मिळून ती सोडावी, असे मत व्यक्त केले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल संकुलाने २००२ मध्ये ती बंद केली. येल आणि स्टॅनफर्डने त्याच वर्षी बंधनकारक पद्धत सोडून ‘अर्ली ॲक्शन’कडे वळण्याचे जाहीर केले.

सप्टेंबर २००६ मध्ये हार्वर्डने त्यापुढचे पाऊल टाकले. आपली लवकरची फेरी बंधनकारक नसतानाही ती श्रीमंत आणि माहीतगार कुटुंबांना झुकते माप देते, असे सांगून विद्यापीठाने ती पूर्णपणे रद्द करण्याची घोषणा केली. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही तशीच घोषणा केली. इतर विद्यापीठे अनुकरण करतील, अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. चांगले विद्यार्थी डिसेंबरमध्येच इतरत्र निश्चिंत होत राहिले. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोघांनीही लवकरची फेरी पुन्हा सुरू करत असल्याचे जाहीर केले. व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१९ मध्ये तर बंधनकारक ‘अर्ली डिसिजन’च परत आणली. एकट्याने शस्त्र खाली ठेवणाऱ्याची काय गत होते, हे बाकीच्यांनी पाहिले होते. तेव्हापासून एवढ्या मोठ्या विद्यापीठांनी एकत्रितपणे असा प्रयत्न पुन्हा केलेला नाही.

<b>प्रश्न पैशांचा</b>

अमेरिकेतील महागड्या खासगी विद्यापीठांचा शिक्षण, निवास व भोजन यांचा वार्षिक खर्च २०२४-२५ मध्ये ९०,००० डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे वर्षाला पाऊण कोटी रुपयांहून अधिक, आणि अशी चार वर्षे. जाहीर केलेली ही रक्कम सर्वांनाच भरावी लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहून अनेक संस्था मोठे साहाय्य देतात. पण दोन संस्था एकाच कुटुंबाची गरज सारखीच मोजतील असे नाही. घराची किंमत, व्यवसायातील भांडवल, धाकट्या भावंडाचे शिक्षण यांचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. नियमित फेरीत तीन-चार ठिकाणी प्रवेश मिळाला, तर एप्रिल महिन्यात ही पत्रे समोर ठेवून तुलना करता येते आणि एका विद्यापीठाचे पत्र दुसऱ्याला दाखवून साहाय्य वाढवून मागता येते. ‘अर्ली डिसिजन’मध्ये पत्र एकच असते.

नियमात एक पळवाट ठेवलेली आहे. मिळालेल्या साहाय्यात शिक्षण घेणे कुटुंबाला शक्य नसेल, तर विद्यार्थ्याला वचनातून मुक्त केले जाते. विद्यापीठे हे आवर्जून सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु शक्य नाही हे ठरवायचे कसे? वर्षाला दहा हजार डॉलरचे कर्ज काढून ‘शक्य’ होणारे शिक्षण दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात कर्जाविना मिळाले असते का, हे कळायला त्या दुसऱ्या विद्यापीठाचे उत्तर हाती हवे. ते मार्चअखेरीस येणार असते आणि इकडे स्वीकृतीची रक्कम बहुतेक ठिकाणी जानेवारीतच भरायची असते. ज्या कुटुंबाला साहाय्याची गरजच नाही, त्याच्यापुढे हा पेच येत नाही. ज्याची गरज फार मोठी आहे, त्याला सर्वाधिक उदार संस्था पुरेसे साहाय्य देतात. अडतात ते मधल्या उत्पन्नाचे.

अंदाज घेण्याचे एक साधन उपलब्ध आहे. २००८ च्या कायद्यानुसार संघराज्याच्या साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या महाविद्यालयांना ऑक्टोबर २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणनयंत्र ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचे आकडे भरल्यास आपल्याला अंदाजे किती खर्च येईल, हे त्यावरून कळते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्याचा उपयोग होतो. भारतातून अर्ज करणाऱ्यांना तो क्वचितच होतो, कारण ही यंत्रे बहुधा अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांचे गणित मांडतात.

परदेशी अर्जदारांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा निर्णायक ठरतो. बहुसंख्य विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याला साहाय्य हवे आहे की नाही, हे विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट अशा मोजक्या संस्थाच त्याकडे न पाहता प्रवेश ठरवत आल्या आहेत. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनी हे धोरण स्वीकारले. या यादीतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी येथे बंधनकारक पद्धत नाही, हा योगायोग भारतीय पालकांनी नजरेआड करू नये. बंधन नसलेल्या ठिकाणीही साहाय्याचा हा दिलासा मिळतो. उलट इतर बऱ्याच ठिकाणी साहाय्य मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे वचन घेतले जाते आणि त्याची गरज त्याच्या विरोधात मोजलीही जाऊ शकते.

बंधन आणि साहाय्य यांची सांगड घालता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेतच आहे. ‘क्वेस्टब्रिज’ ही संस्था तेथील शाळांतील अल्प उत्पन्न गटातील हुशार विद्यार्थ्यांची विद्यापीठांशी जोडणी करते. विद्यार्थी आपला पसंतिक्रम कळवतो, १ डिसेंबरच्या सुमारास निकाल लागतो आणि जोडणी झाली, तर चारही वर्षांच्या पूर्ण शिष्यवृत्तीसह प्रवेश निश्चित होतो. येथेही विद्यार्थी बहुतेक ठिकाणी वचनबद्ध असतो. पण आपल्याला काय मिळणार हे त्याला वचन देण्यापूर्वी ठाऊक असते. भारतातील शाळांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी ही योजना खुली नाही.

<b>वचन मोडल्यास</b>

‘अर्ली डिसिजन’चे वचन मोडले म्हणून विद्यार्थ्यावर न्यायालयात दावा होत नाही. बंधन प्रामुख्याने नैतिक स्वरूपाचे आहे. मात्र त्याचा दाब शाळेमार्फत येतो. समुपदेशकाने स्वाक्षरी केलेली असते आणि शाळेचा एक विद्यार्थी मागे फिरला, तर पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांकडे विद्यापीठ कोणत्या नजरेने पाहील, याची धास्ती शाळेला असते. सामायिक अर्जातील करारात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे नाव अन्य संस्थांना कळवले जाऊ शकते, असेही नमूद असते.

नावांच्या याच देवघेवीबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने एप्रिल २०१८ मध्ये काही महाविद्यालयांकडे विचारणा केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये विभागाने प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध स्पर्धाविरोधी नियमांबद्दल कारवाई केली आणि ती तडजोडीने मिटली. लवकर अर्ज करणाऱ्यांना खास सवलती देऊ नयेत, हा संघटनेचा नियम त्यातून रद्द झाला. स्पर्धा वाढावी हा उद्देश होता, पण लवकर वचन देणाऱ्यांना वसतिगृहात प्राधान्य किंवा शिष्यवृत्तीचे आमिष दाखवण्याचा मार्गही त्यामुळेच मोकळा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये बॉस्टन येथील संघराज्य न्यायालयात ३२ महाविद्यालये व विद्यापीठांविरुद्ध सामूहिक दावा दाखल करण्यात आला. ‘अर्ली डिसिजन’मधून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी परस्परांशी स्पर्धा न करण्याचा समझोता या संस्थांनी केला असून, त्यामुळे शिक्षणाचा खर्च वाढतो, असा वादींचा आरोप आहे.

अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ होती आणि २००९ नंतर प्रथमच भारत पहिल्या स्थानावर आला. यांतील पदवीपूर्व विद्यार्थी सुमारे ३६,००० एवढेच होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या मानाने हा गट लहान आहे आणि त्याच्या अडचणींची चर्चाही कमी होते. डिसेंबरमध्ये होकार मिळाल्यास या विद्यार्थ्यांना बँकेचे कर्ज, विद्यापीठाचे ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र आणि व्हिसाची मुलाखत यांसाठी सात-आठ महिने मिळतात. नियमित फेरीतील विद्यार्थ्यांना तीन-चार. एरवी हा मोठाच फायदा समजला जातो. मात्र २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने जगभरातील विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबवले आणि जूनमध्ये ते समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्याच्या अटीसह पुन्हा सुरू केले. ज्यांनी तोपर्यंत मुलाखतीची वेळ घेतलेली नव्हती, त्यांच्यापैकी डिसेंबरमध्ये प्रवेश निश्चित झालेल्यांनाही त्या काळात इतरांबरोबरच थांबावे लागले.